पंडिता रमाबाई व धर्मसेवकांचे मेळावे

आमच्या पनवेल गावातून पूर्वेकडे दृष्टी टाकली असता सह्याद्रीची जी निळसर रांग दिसते, तिच्या पाठीशी खंडाळा व लोणावळे ही गावे वसलेली आहेत. एके काळी मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी प्रथम मचव्यात बसून पनवेलच्या बंदरास उतरे आणि येथून पुढे बोरघाटाची वाट धरी. १८३० साली घाटातून गाडीरस्ता झाला. १८६३ साली आगगाडी कर्जतच्या बाजूने घाट चढू लागली आणि आमच्या बंदराची वर्दळ ओसरली. आज द्रुतगती मार्गाने हेच अंतर काही तासांत तोडता येते. लोणावळ्यास सहलीस गेला नाही असा विद्यार्थी आमच्या शाळेत शोधूनही सापडावयाचा नाही. परंतु त्याच लोणावळ्याच्या झाडीत, एका शतकाहून अधिक काळापूर्वी, एका महाराष्ट्रीय विदुषीच्या आयुष्याला जी कलाटणी मिळाली, तिची हकीकत फारच थोड्यांस ठाऊक असेल. ती विदुषी म्हणजे पंडिता रमाबाई होत. ख्रिस्ती उपदेशक, पाळक व इतर धर्मसेवक वर्षातून एकदा एकत्र जमतात, परिषदा व मेळावे भरवितात, त्यांचा खरोखर उपयोग काय, असा प्रश्न पुष्कळ वेळा विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर कोरड्या वादाने देण्यापेक्षा बाईंच्या चरित्राच्या आधारे द्यावे, असे आम्हांस वाटते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृतज्ञ. स्त्रियांना संस्कृत शिकविणे पाप आहे, असे मानण्याचा तो काळ. परंतु शास्त्रीबोवांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले आणि त्या मातेने पहाटेच्या प्रहरी मुलीस जवळ घेऊन पुराणे पाठ करविली. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणे सांगत देशभर हिंडत असे. पुढे दक्षिणेत घोर दुष्काळ पडला. त्यात वडील, आई व थोरली बहीण अशी तिघेही पाठोपाठ निवर्तली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री एवढीच काय ती मागे उरली. अन्नान्नदशा म्हणजे काय हे त्या ऐन तारुण्यात पुरतेपणी शिकल्या. हा धडा त्या कधीही विसरल्या नाहीत, हे पुढे दिसून येईल.

बहीणभाऊ पायी फिरत फिरत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचली. तेथे विद्वानांची सभा भरली. वीस वर्षांच्या या तरुणीचे संस्कृतावरील प्रभुत्व पाहून सारे पंडित थक्क झाले आणि त्यांनी तिला पंडिता व सरस्वती या पदव्या अर्पण केल्या. रमाबाईंच्या आयुष्यातील हा पहिला मोठा मेळावा. त्यात त्यांना मान मिळाला, कीर्ती मिळाली. पण अंतःकरणाची भूक मात्र तशीच राहिली.

त्याच नगरात त्यांनी ख्रिस्ती लोकांचा एक मेळावाही पाहिला. त्याची आठवण त्यांनी पुढे मोठ्या विनोदाने लिहून ठेवली आहे. जमलेली मंडळी खुर्च्यांवर बसली, त्यांनी चहा व बिस्किटे घेतली. नंतर प्रार्थनेची वेळ होताच प्रत्येकाने वळून आपापल्या खुर्चीपुढे गुडघे टेकले. समोर मूर्ती नाही, देव्हारा नाही. तेव्हा हे लोक खुर्च्यांचीच पूजा करीत असावेत, असा समज या दोघा भावंडांचा झाला! तेथे त्यांना बायबलाची संस्कृत प्रत भेट मिळाली. परंतु तिची भाषा व आशय त्या वेळी त्यांच्या मनास भिडला नाही. विद्यार्थ्यांनी यातून एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मेळाव्यास नुसते हजर राहिल्याने काही घडत नसते. जमिनीत ओल आल्यावाचून बी रुजत नाही.

१८८० साली बंधू वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ साली मनोरमा ही कन्या झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही पटकीने गेले. चोवीस वर्षांचे वय पुरे होण्यापूर्वीच वैधव्य, कडेवर तान्हे मूल आणि आप्त असे कोणी नाही! अशा स्थितीत त्या पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला आणि हंटर कमिशनापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्रीवैद्य यांची गरज किती तीव्र आहे हे निर्भयपणे मांडले. १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या. तेथे वाँटेज येथील भगिनीमंडळात राहत असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या विद्यालयात त्यांनी अध्ययन व अध्यापन केले. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानसमारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथेच उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ लिहून त्यांनी त्या देशातील लोकांची अंतःकरणे हलविली. बोस्टन येथे त्यांच्या साह्यार्थ मंडळ स्थापन झाले. त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले.

त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले व त्यास जोडूनच सामाजिक परिषदही झाली. तेथे विधवांच्या केशवपनाविरुद्धच्या ठरावावर रमाबाई बोलावयास उठल्या. हजारो पुरुषांच्या त्या सभेत त्यांचा आवाज क्षीण वाटला, तेव्हा त्यांनी श्रोत्यांस नम्रपणे पण रोखठोक सुनावले की, स्त्रीचा आवाज लहान राहिला याचे नवल ते काय. तो मोठा करण्याची संधी पुरुषांनी तिला कधी दिलीच नव्हती. हा त्यांच्या आयुष्यातील दुसरा मोठा मेळावा. येथे त्या दुसऱ्यांसाठी बोलल्या. परंतु ठराव मंजूर होऊन लोक घरोघर गेल्यावर विधवेच्या माथ्यावरील वस्तरा काही थांबला नाही, हेही त्यांनी पाहिले.

१८९० साली शारदासदन पुण्यास आले. शाळेत धर्माची सक्ती नसावी असे ठरलेले होते आणि न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारखे थोर गृहस्थ तिच्या सल्लागार मंडळावर होते. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत. खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. यावरून वाद माजला. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडत आहे असा आक्षेप आला, आणि १८९३ साली सल्लागार मंडळाने राजीनामे दिले. पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. या वादात कोणाची बाजू कितपत खरी होती याचा निवाडा आज आम्ही करू इच्छीत नाही. ज्यांनी मुली काढून नेल्या त्यांनाही आपल्या लेकीबाळींची व आपल्या धर्माची काळजी होती. आणि रमाबाईंनाही, आपण जे मनोमन मानतो ते दार लावून झाकून ठेवणे लबाडीचे वाटत होते. सांगावयाचे ते एवढेच की, या घटनेनंतर बाई फार एकट्या पडल्या. जुने मित्र दुरावले. इकडे ख्रिस्ती लोकांतही त्यांची स्वतंत्र बुद्धी अनेकांना रुचत नव्हती. त्या दोन्ही तीरांवरून तुटलेल्या नावेसारख्या झाल्या होत्या.

येथे क्षणभर थांबून धर्मसेवकांच्या एकटेपणाचा विचार केला पाहिजे. आमच्या कोकणपट्टीत १८२३ सालापासून, म्हणजे बाणकोटास स्कॉटिश मिशनचे काम सुरू झाल्यापासून, उपदेशक खेड्यापाड्यांतून राहत आले. एका गावी एक उपदेशक. दुसरा दहा-बारा कोसांवर. मध्ये खाडी, डोंगर आणि चार महिन्यांचा पावसाळा. त्याने दर आठवड्यास उपदेश करावा, आजाऱ्यांपाशी बसावे, भांडणे मिटवावी, मर्तिकास धीर द्यावा. पण त्याला स्वतःला उपदेश कोण करणार? त्याचे भांडण कोण मिटविणार? त्याच्या घरी मूल दगावले तर त्याच्यापाशी कोण बसणार? विहिरीतून रोज पाणी उपसावे आणि झरा मात्र आटत जावा, अशी त्याची स्थिती होते. काही वर्षांनी तो तीच ती प्रवचने पुन्हा पुन्हा सांगू लागतो. लोक ऐकतात, माना डोलावतात आणि घरी जातात. तो आळशी नसतो, दांभिकही नसतो. तो केवळ थकलेला असतो. अशा माणसास वर्षातून आठ दिवस दुसऱ्याच्या तोंडून ऐकावयास मिळणे, दुसऱ्याच्या आवाजात आपला आवाज मिसळून गावयास मिळणे आणि आपल्यासारखाच थकलेला दुसरा मनुष्य भेटणे, याची किंमत पैशांत करता यावयाची नाही. वारकरी वर्षभर आपल्या शेतात एकटा राबतो, पण आषाढी आली की दिंडीत मिळतो. त्याची वर्षाची शिदोरी तेथेच बांधली जाते. ख्रिस्ती सेवकांचे मेळावे याच मानवी गरजेतून निघालेले आहेत.

लोणावळ्यास त्या काळी असाच वार्षिक मेळावा भरत असे. थंड हवा, दाट झाडी, मुंबई व पुणे या दोहोंस जवळ. त्यामुळे निरनिराळ्या मंडळ्यांचे मिशनरी, पाळक व उपदेशक तेथे तंबू ठोकून काही दिवस राहत. सकाळ-संध्याकाळ उपदेश, मधल्या वेळी शास्त्राभ्यास व प्रार्थना, असा क्रम असे. १८९५ च्या एप्रिल महिन्यात रमाबाई या मेळाव्यास गेल्या. बाप्तिस्मा घेऊन त्यांना तेव्हा जवळजवळ बारा वर्षे लोटली होती. शास्त्रे त्यांना मुखोद्गत होती, वादात त्या कोणास हार जात नसत; पण आपल्याला धर्म कळला आहे, तरी देव मिळाला आहे काय, हा प्रश्न त्यांना काही वर्षे छळीत होता. त्या प्रश्नाचे पूर्ण समाधान या मेळाव्यात झाले. पवित्र आत्म्याचे सान्निध्य आपल्याला प्रत्यक्ष अनुभवास आले, असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत नमूद करून ठेवले. कलकत्त्याच्या सभेत ज्यांना पदव्या मिळाल्या, त्यांना लोणावळ्याच्या सभेत कोणतीही पदवी मिळाली नाही. तेथे त्या शिकवावयास गेल्या नव्हत्या. शेकडो सामान्य उपदेशकांच्या रांगेत बसून ऐकावयास गेल्या होत्या. पंडितेने विद्यार्थिनी होऊन बसावे, एवढी जागा ज्या मेळाव्यात असते तोच खरा मेळावा.

दुष्काळ पडण्यापूर्वीच्या अशाच एका मेळाव्याची गोष्ट विशेष चित्तवेधक आहे. बाईंबरोबर शाळेच्या मुलीही आल्या होत्या. त्यांपैकी पंधरा जणींनी ख्रिस्तावर विश्वास ठेवला होता. एके दिवशी पहाटे बाई तंबूतून निघून एकट्याच रानात गेल्या. सूर्य उगवत होता. त्यांनी आपल्या पंधरा आध्यात्मिक कन्यांबद्दल देवाचे आभार मानले आणि त्यांच्या मनात एक विलक्षण मागणे उद्भवले. देवाने या संख्येचा वर्ग करावा आणि तोही पुढचा मेळावा भरण्यापूर्वी! आमच्या विद्यार्थ्यांना वर्ग करणे चांगले ठाऊक आहे. पंधराचा वर्ग दोनशे पंचवीस. पण शाळेत तर त्या वेळी साऱ्या मिळून पन्नासाच्या आसपासच मुली होत्या आणि नव्या येण्याची चिन्हे फारशी नव्हती. गणित काही जमेना. तेव्हा यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातील, देवाला अवघड असे काहीच नाही, या आशयाचे वचन त्यांना आठवले आणि ती मागणी त्यांनी मनात पक्की केली.

१८९६ च्या अखेरीस मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. ती बातमी ऐकताच रमाबाईंस आपले आईबाप व बहीण यांचे अंतकाळ आठवले. हाताशी पैसा नव्हता, जागा नव्हती. तरी त्या तिकडे धावल्या. अन्नछत्रांच्या भोवती सांगाडे बनलेल्या मुली व तरुण विधवा पडून होत्या आणि त्यांना फूस लावून नेणारे नराधमही तेथे घिरट्या घालीत होते. बाईंनी एकेक करून शेकडो मुली सोडवून आणिल्या. १८९७ साली पुण्यात प्लेगचा कहर झाला आणि एवढ्या मुली शहरात ठेवण्यास मनाई झाली. तेव्हा केडगाव येथे घेतलेल्या ओसाड शेतजमिनीवर, तट्ट्यांच्या झोपड्यांत व झाडांखाली त्यांनी या लेकरांचा संसार मांडला. याच वस्तीचे पुढे मुक्तिसदन झाले. मेळाव्यात मागितलेली संख्या आपल्या पदरात पडली, असे बाईंनी पुढे कृतज्ञतेने लिहिले. पण विद्यार्थ्यांनी या गोष्टीतील चमत्कारच पाहू नये. आकडा रानात मागितला गेला खरा. तो मिळाला मात्र दुष्काळाच्या वाटेवर चालून, उवांनी भरलेली डोकी स्वतः धुऊन आणि आजारी मुलींच्या उशाशी रात्री जागून.

१८९८ साली बाई पुन्हा अमेरिकेस गेल्या, कारण साह्यकारी मंडळाची दहा वर्षांची मुदत संपली होती. परत येताना त्या इंग्लंडातील केस्विक या गावी जुलै महिन्यात भरणाऱ्या परिषदेस हजर राहिल्या. सरोवरांच्या त्या रम्य प्रदेशात १८७५ सालापासून ही परिषद भरत आलेली आहे. निरनिराळ्या मंडळ्यांचे पाळक व कार्यकर्ते आपापले भेद बाजूस ठेवून तेथे एकत्र बसतात. बाईंस बोलण्यासाठी अवघी पाच मिनिटे मिळाली. हजारोंच्या त्या सभेपुढे त्यांना आपल्या संस्थेसाठी पैसा मागता आला असता आणि तो मिळालाही असता. परंतु त्यांनी पैसा मागितला नाही. हिंदुस्थानातील ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्म्याचा वर्षाव व्हावा आणि त्यांच्यातूनच एक लक्ष पुरुष व एक लक्ष स्त्रिया आपल्या देशबांधवांस शुभवर्तमान सांगण्यास निघाव्या, यासाठी प्रार्थना करा, एवढेच त्यांनी मागितले. या मागणीचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. परक्या देशातील परिषदेत उभ्या राहून त्यांनी परक्या देशातून आणखी माणसे पाठवा असे म्हटले नाही. माझ्या देशाचे काम माझ्या देशाची माणसे करतील, तुम्ही त्यांच्यासाठी हात जोडा, असा त्यांचा भाव होता. पाच मिनिटांचे हे भाषण एखाद्या मोठ्या ग्रंथाच्या तोलाचे आहे.

केडगावास परतल्यावर त्यांनी हेच मागणे आपल्या घरी चालू ठेवले. १९०५ च्या जानेवारीत त्यांनी मुलींना रोज एकत्र प्रार्थना करण्याचे आवाहन केले. प्रथम सत्तरएक जणी जमल्या, जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेच्या घरात गेली. मिनी एब्रम्स ही त्यांची अमेरिकन सहकारिणी व कन्या मनोरमाबाई यांचे या कामी मोठे साह्य होते. जून महिन्याच्या अखेरीस आसपासच्या खेड्यांत जाऊन शुभवर्तमान सांगण्यास कोण तयार आहे, असे बाईंनी विचारले तेव्हा सुमारे तीस तरुणी पुढे आल्या. त्यानंतर मुक्तिसदनात जी धर्मजागृती झाली, तिची वार्ता देशोदेशी गेली. ज्या मुली काही वर्षांपूर्वी भुकेने मरणाच्या दारी पडल्या होत्या, त्या आता टोळ्याटोळ्यांनी खेड्यांत जाऊ लागल्या. लोणावळ्याच्या रानात एकीने केलेली प्रार्थना आणि केस्विकच्या सभेत मागितलेला आशीर्वाद हे केडगावच्या माळावर पाऊल बनून चालू लागले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. परिषदांवर आक्षेप घेणारे लोक पुष्कळ आहेत आणि त्यांचे सारेच म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. प्रवासास पैसा लागतो, तो गरीब मंडळीच्या वर्गणीतून येतो. ठराव मंजूर होतात आणि त्यांची भेंडोळी कपाटात धूळ खात पडतात. मोठ्या वक्त्यांची वाहवा होते आणि खेड्यातील उपदेशक मागच्या बाकावर बसून मुकाट्याने परत जातो. कित्येकदा भाषाही अशी की, निम्म्यांना ती कळत नाही. हे दोष आम्हांस मान्य आहेत. किंबहुना रमाबाईंच्या चरित्रावरून पाहता, जो मेळावा मान देऊन थांबतो आणि जो ठराव करून थांबतो, तो दोन्हीही अपुराच ठरतो. पण त्याच चरित्रावरून हेही सिद्ध होते की, मेळाव्यात तीन गोष्टी घडल्या तर त्याचे मोल होऊ शकत नाही. पहिली, शिकविणाऱ्याने तेथे शिकावे. दुसरी, एकट्याने मागण्याचे जे धैर्य होत नाही, ते त्याने इतरांच्या सोबतीने मागावे. आणि तिसरी, घरी परतल्यावर त्याच्या हातास नवे काम लागावे. यांपैकी तिसरी गोष्ट घडली नाही, तर पहिल्या दोन वाऱ्यावर गेल्या असे समजावे.

ज्या परिषदांनी ही कसोटी उतरविली त्यांची फळे इतिहासात दिसतात. पंजाबात सियालकोट येथे १९०४ साली पाळक, उपदेशक व शिक्षक यांच्या आध्यात्मिक उन्नतीसाठी परिषद सुरू झाली आणि त्या प्रांतातील मंडळ्यांत नवे चैतन्य आले. १९०५ च्या नाताळात श्रीरामपूर येथे निरनिराळ्या प्रांतांतील हिंदी ख्रिस्ती पुढारी एकत्र जमले आणि त्यांनी हिंदी माणसांच्या बळावर व हिंदी पैशांवर चालणारी नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापिली. १९१० साली एडिंबरो येथील जागतिक परिषदेत वेदनायगम् अझरायाह या तरुण हिंदी सेवकाने, पाश्चात्य मिशनऱ्यांनी दानधर्म पुष्कळ केला, आता मैत्री द्यावी, असे सर्वांसमक्ष बजाविले. तेच पुढे १९१२ साली दोर्णकलचे बिशप झाले. ख्रिस्ती सेवक एकत्र जमले नसते, तर हे धीराचे बोल कोठे उमटले असते?

रमाबाईंचे अखेरचे मोठे कार्य म्हणजे बायबलाचे सोपे मराठी भाषांतर. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीलाही शास्त्र समजावे, म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि मुक्तिसदनाच्या छापखान्यात मुलींच्याच हातून खिळे जुळविण्याचे काम चालविले. १९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई, त्यांची एकुलती एक कन्या व उजवा हात, निवर्तल्या. हा घाव सोसूनही त्यांनी भाषांतराचे काम सोडले नाही. ते तडीस नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी केडगाव येथे देह ठेवला. वाङ्मय, विद्वत्ता, कीर्ती सर्व काही लाभलेल्या या बाईंच्या अंगावर शेवटपर्यंत जाडेभरडे पांढरे वस्त्रच होते.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी सारेच काही उपदेशक वा पाळक होणार नाहीत. तुमच्यात सर्व धर्मांची मुले आहेत आणि प्रत्येकाने आपापल्या धर्मातील चांगले ते जपावे, हेच आमचे सांगणे आहे. परंतु शिबिरे, संमेलने व मेळावे तुमच्याही वाट्यास येतील. तेथे जाल तेव्हा या पंडितेची आठवण ठेवा. गर्दीत आनंद करा, पण एक पहाट तंबूबाहेर एकट्याने घालवा. आपल्यापाशी काय आहे ते मोजा आणि त्याच्या कितीतरी पट मागा. मात्र ते स्वतःसाठी न मागता दुसऱ्यासाठी मागा. आणि परत आल्यावर ज्या वाटेने जावेसे वाटत नाही त्या वाटेने जा, कारण मागितलेले बहुधा तेथेच ठेवलेले असते.

पालकहो, आपणांसही एक विनंती आहे. आपल्या गावचा पाळक वा उपदेशक, तसेच आपल्या मुलांचा शिक्षक, वर्षातून चार दिवस परिषदेस जाऊ लागला, तर काम बुडाले म्हणून कुरकुर करू नये. शेतकरी पेरणीपूर्वी नांगराचा फाळ लोहाराकडे नेतो तेव्हा त्याचा दिवस फुकट गेला, असे कोणी म्हणत नाही. तो परत आल्यावर मात्र, काय ऐकलेस आणि आता काय करणार आहेस, हे त्यास अवश्य विचारावे. या एका प्रश्नाने परिषदेचे सोने होईल.

यापुढे द्रुतगती मार्गाने घाट चढून लोणावळ्याच्या झाडीजवळून जाल, तेव्हा चिक्कीच्या दुकानांकडे धावण्यापूर्वी एक क्षण त्या झाडीकडे पाहावे. तेथेच एका पहाटे एका अनाथ विधवेने पंधराचा वर्ग मागितला होता. तिच्या त्या मागण्यामुळे किती अनाथ मुलींना घर मिळाले, याचा हिशेब केडगावची भूमी आजही सांगते आहे.